नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणातली केळी जगवायची कशी

एप्रिल लागला की दुपारी एकच्या सुमारास केळीचं पान जरा जवळून पाहा. मधल्या शिरेपासून दोन्ही बाजू खाली लोंबलेल्या असतात, उतरत्या छपरासारख्या, आणि ते पाहून माणूस लगेच पाइप घेऊन धावतो. थांबा ना भाऊ, जरा. ते पान मेलेलं नाहीये, ते स्वतःला वाचवतंय. शिरेच्या दोन्ही अंगाला पाण्याने फुगणाऱ्या पेशींची पट्टी असते, तिच्यातलं पाणी कमी झालं की पान मिटतं, मग ऊन सरळ पानावर न पडता तिरपं पडतं, शिवाय केळीची पाण्याची वाफ बाहेर सोडणारी बहुतेक बारीक छिद्रं पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि मिटलं की ती आडोशाला जातात. त्यामुळे दुपारच्या पानावरून पाण्याचा हिशोब करायचाच नाही. संध्याकाळी साडेसहा-सातला पाहा, नाहीतर सरळ सकाळी सहाला. पान उघडलंय? मग झाड मजेत आहे. सकाळीही मिटलेलंच आहे तर मात्र मुळांना पाणी पोचत नाहीये.

आता मूळ मुद्दा. केळीला ऊन नको असतं हा गैरसमज आहे, तिला उघडं ऊन लागतंच, सावलीतली केळी नुसती उंच वाढते आणि घड लहान देते. तिला त्रास होतो तो तापमानाचा आणि कोरड्या वाऱ्याचा. 26 ते 30 डिग्रीला ती झकास वाढते, 38 च्या पुढे वाढ जवळपास थांबते, आणि आपल्याकडे तर मे महिन्यात 44-45 म्हणजे रोजचंच, 2013 ला पारा 47.9 ला टेकला होता. वरून नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक नऊ दिवस, आणि लू, म्हणजे गरम कोरडा वारा. म्हणजे त्या दीड-दोन महिन्यात केळी वाढवायची नसते, फक्त टिकवायची असते, हे एकदा डोक्यात बसलं की खत मारून पोंगा (गुंडाळलेलं नवं पान) लवकर काढायचा नाद सुटतो. भर उन्हाळ्यात युरिया तर अजिबात नको.

सगळ्यात आधी मुळं. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-सव्वा फुटातच असतात, आणि आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की ती बारीक मुळं अक्षरशः तुटतात, मग वर कितीही पाणी ओता, पिणार कोण? म्हणून बुंध्याभोवती तीन-चार इंच जाड आच्छादन घाला. वाळलेली केळीची पानं, पाचट, तुरीच्या काड्या, जे असेल ते. कूलरच्या ताट्या बदलल्या की जुनं गवत फेकू नका, पाण्यात चांगलं खळखळून क्षार काढा आणि इथे टाका, मस्त काम करतं. फक्त बुंध्याला चिकटवू नका, वीतभर जागा सोडा.

पण कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी केळीला घालायचं नाही!! पाणी वाचतं म्हणून बरेच जण घालतात. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, बोअरचं असेल तर विचारूच नका, आणि केळीला क्षार सोसत नाही. मग जुन्या पानांची कड सगळीकडून सारखी तपकिरी होत जाते. उन्हाने जळलेलं पान वेगळं दिसतं, जिथे थेट ऊन लागलं तेवढाच भाग आधी पांढरट पडतो, नंतर कागदासारखा तपकिरी. दोन्हीला लोक "उन्हानं जळलं" म्हणतात आणि उपाय मात्र उलटे आहेत.

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य बुडाल्यावर. मोठ्या झाडाला मे महिन्यात दिवसाला 20 ते 25 लीटर लागतं, बुंध्याजवळ एका धारेत नको, हातभर लांब गोल आळ्यात द्या. गच्चीवरून किंवा कंपाउंडवरून आलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी दुपारनंतर चटका देईल इतकं तापलेलं असतं, ते आधी बादलीत सोडून द्या. आणि रोज चिखल करून ठेवायचा नाही, मुळांना हवा मिळाली नाही की ती सडतात आणि पान तसंच लुळं पडतं, मग माणूस अजून पाणी घालतो.

वारा. पानं फाटून झालर झाली की जीव हळहळतो, पण थोडंफार फाटलेलं पान उलट कमी तापतं, कारण अरुंद पट्ट्यांमधली उष्णता लवकर निघून जाते. त्यामुळे फाटलं म्हणून कापू नका. चिंधड्याच उडत असतील तर पश्चिमेकडून आडोसा करा: शेतात शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ, घरी 50 टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट नाहीतर जुनी साडी, पडद्यासारखी उभी बांधायची. वरून छत करायची गरज नाही, सकाळचं ऊन तिला हवंच असतं. पश्चिमेच्या भिंतीला चिकटून लावलेली केळी मात्र भाजते, ती भिंत रात्री दहालाही गरम लागते. मोठी बाग असेल तर 8 टक्के केओलीन (पांढरी बारीक माती) पाण्यात मिसळून फवारतात, पानावर पांढरा थर बसतो आणि पाणी कमी उडतं. घरच्या दोन झाडांना एवढ्या भानगडीची गरज नाही.

बुंध्यावरची वाळकी सोपटं (पानांच्या देठांची सालं) ओढून झाड "साफ" करायचा मोह होतो, तो जूनपर्यंत आवरा. तेच त्याचं पांघरूण आहे.

घड लटकत असेल तर जास्त जपा. वरच्या फण्या आणि दांडा पश्चिमेच्या उन्हात भाजतात, दांडा भाजला की तिथून मोडूही शकतो. झाडाचीच वाळलेली पानं घडावर आणि दांड्याच्या वाकावर पांघरून सुतळीने सैल बांधा, आणि घडाच्या वजनाला बांबूचा टेकू द्या. जूनमध्ये लावलेल्या झाडाचा घड नेमका या आगीत पोसायला येतो, म्हणून जमलं तर ऑक्टोबरमध्ये लावा, मग उन्हाळ्यात झाड लहान असतं आणि लहान झाड झाकणं सोपं. नर्सरीतलं टिश्यूकल्चर रोप नेटखालून आणून थेट उन्हात ठेवलं तर दोन दिवसात पांढरं पडतं, आठ-दहा दिवस फक्त सकाळचं ऊन दाखवा, मग हळूहळू वाढवा.

आणि हो, जळकी पानं कापायची तर पूर्ण वाळलेलीच कापा. अर्धं हिरवं असेल तर राहू द्या, घड पोसायला सहा-आठ तरी हिरवी पानं लागतात. बाकीची साफसफाई आणि शेणखत मृगाचे एक-दोन चांगले पाऊस पडल्यावर.