पावसाळ्यात अंगणातला ताडपत्रीचा मांडव उभा कसा ठेवावा

कोकणात मेअखेरीला दारापुढे ताडपत्रीचा मांडव चढतो. त्याखाली लाकडं, दुचाकी, वाळत घातलेले कपडे असं सगळं सामावतं. आषाढ उजाडेपर्यंत त्यातले कितीतरी मांडव कलंडलेले किंवा पोट सुटलेले दिसतात. दोष बहुतेक वेळा ताडपत्रीचा नसतो, बांधणीचा असतो. मांडव खाली पडू नये एवढाच विचार करून आपण तो बांधतो, पण वारा त्याला वर उचलत असतो.

१२ बाय १५ फुटांच्या ताडपत्रीवर ताशी ४० किलोमीटरचा वारा ढोबळमानाने सव्वाशे किलोचा जोर लावतो. वारा ६० वर गेला की तोच जोर २८० किलोच्या आसपास जातो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणून कालपर्यंत टिकलेला मांडव आज अचानक उडतो.

सांगाडा

घराच्या बाजूने १५ फूट आणि बाहेर १२ फूट असा मांडव धरू. दर ५ फुटांवर एक याप्रमाणे दोन रांगांत आठ खांब लागतात. बांबू शक्यतो माणग्याचा घ्या. सिंधुदुर्गात तो मुबलक मिळतो आणि जवळजवळ भरीव असल्यामुळे चिरत नाही. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर किंवा जळकं ऑइल चोपडा.

खड्डा २ फूट खोल हवा. खांबाच्या बुडाशी आरपार भोक पाडून त्यात फूटभर लांबीची आडवी खुंटी घाला, म्हणजे वाऱ्याने खांब उपसून येत नाही. नुसती माती लोटू नका. चिऱ्याचे तुकडे आणि माती थराथराने घालून पहारीने ठेचा. नाहीतर पहिल्या आठवड्याच्या पावसात तांबडी माती लोण्यासारखी होते आणि खांब हलायला लागतो.

घराकडची बाजू ९ फूट, बाहेरची ६ फूट ठेवा, म्हणजे फुटाला ३ इंच उतार मिळतो. पागोळी खाली असेल तर मांडवाची रुंदी कमी करा, उतार कमी करू नका. खांबांवर आडवे वासे टाका आणि त्यांवर उताराच्या दिशेने दर ३ फुटांवर एक बांबू बांधा. बांबूचे पेर कोयत्याने साफ तासा, टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. तारेने बांधत असाल तर तिची टोकं खाली वळवा. ताडपत्री फाटते ती बहुधा अशाच एखाद्या टोकावर घासून.

कौलांवरचं पाणी थेट मांडवावर घेऊ नका. आधी पागोळीला पन्हळ लावा.

ताडपत्री आणि दोऱ्या

९०-१०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाची) स्वस्त निळी ताडपत्री लाकडं झाकायला ठीक आहे. मांडवाला २०० ते २५० जीएसएमची घ्या. दुकानात सांगितलेल्या मापापेक्षा ती थोडी लहानच भरते, म्हणून या मांडवाला १५ बाय १८ ची लागेल. पसरताना वाऱ्याकडची कड आधी बांधायची, मग समोरची. कोकणात जूनपासून वारा बहुतेक पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. मांडवाची खालची बाजू तिकडे असेल तर उत्तम, वारा वरून सरकून जातो.

कडेच्या रिंगा दोरीने घट्ट आवळू नका. प्रत्येक रिंग ट्यूबच्या दुहेरी पट्टीने वाशाला बांधा. झोत आला की रबर ताणतं आणि रिंग वाचते. रिंग निघालीच तर त्या कोपऱ्यात लिंबाएवढा गुळगुळीत गोटा ताडपत्रीतच गुंडाळून त्याच्या मानेला दोरी बांधा. ही जागा मूळ रिंगेपेक्षाही मजबूत होते.

ताडपत्रीवरून नागमोडी दोरी टाकायला विसरू नका. सततच्या फडफडीने ताडपत्रीचा धागा जेवढा सैल होतो, तेवढा एखाद्या मोठ्या झोताने होत नाही.

बाहेरच्या कोपऱ्यांना प्रत्येकी दोन आणि मधल्या खांबांना एकेक ताण द्या. त्यासाठी ८ ते १० मिलिमीटरची दोरी वापरा. भिजलेल्या मातीतली खुंटी भरवशाची नाही. अख्ख्या चिऱ्याला दोरी बांधून तो दीड-दोन फूट खोल पुरा आणि वर माती ठेचा. ताण ओढायला ट्रकवाले ताडपत्री आवळतात तीच गाठ घाला: दोरीच्या मध्यावर एक फास, टोक खालच्या दोरीच्या कडीतून घेऊन परत त्या फासातून, मग खाली ओढून दोन अर्ध्या गाठी. ही गाठ भर पावसातही एका हाताने सोडून पुन्हा आवळता येते. ते गरजेचं आहे, कारण नायलॉन भिजलं की ताणतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर सगळे ताण एकदा आवळावेच लागतात. काथ्याचं उलटं असतं, तो भिजल्यावर आखडतो आणि उघडीप पडली की ढिला होतो.

बाजू

झड आत येते म्हणून लोक मागच्या दोन-तीन बाजू प्लास्टिकने बंद करतात आणि वाऱ्याची बाजू उघडी सोडतात. मांडव उडवायची याहून सोपी युक्ती नाही, कारण आत शिरलेला वारा बाहेर पडायला जागाच शोधत राहतो. वाऱ्याच्या बाजूला हिरवी शेडनेट लावा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा. नेट झड मोडते आणि वारा जिरवते. झावळ्यांचा विणलेला पडदाही चालतो.

पाणी साचलं तर

३ बाय ३ फुटांच्या खळग्यात सरासरी ४ इंच पाणी म्हणजे ८० किलोहून जास्त वजन. काठीच्या टोकाने वर ढोसू नका, भोक पडतं. काठीला पोतं गुंडाळून कडेला उभं राहा आणि खळग्याची वरची बाजू आधी उचला, म्हणजे पाणी उताराकडे जाईल. नंतर तिथे एक बांबू वाढवा, नाहीतर उद्या पोट पुन्हा तिथेच सुटणार.

कधी उतरवावा

हवामान खात्याने ताशी ५०-६० किलोमीटर वाऱ्याचा इशारा दिला की ताडपत्री काढा, सांगाडा राहू द्या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा पक्की छपरंही गेली. अशा वेळी मांडव वाचवण्याची गोष्टच नको. उतरवताना क्रम उलटा ठेवा: वाऱ्यापासून लांबची कड आधी सोडा, वाऱ्याच्या दिशेने गुंडाळत या आणि वाऱ्याकडची कड शेवटी मोकळी करा. ती आधी सोडली तर ताडपत्री माणसाला घेऊन जाईल. खांबांवरून दिव्याची वायर नेली असेल तर तिचं बटण आधी बंद करा.

पाऊस संपल्यावर ताडपत्री दोन्ही बाजूंनी कोरडी करून सावलीत गुंडाळून ठेवा, घडी घालू नका. घडीच्या रेघांवरच पुढच्या वर्षी पाणी झिरपतं.