विणकामाची कांजी कशी शिकावी

जपानीची हिरागाना ही उच्चारानुसार लिहायची लिपी पक्की झाली आणि सोप्या कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थवाही अक्षरे, हाताखालून गेल्या की सोलापुरातल्या विद्यार्थ्याने ‘विणणे’ या अर्थाची कांजी अभ्यासाला घ्यावी. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे सगळे लक्ष रचनेवर आणि उच्चारांवर देता येते. मोबाइलच्या जपानी कळफलकावर ‘ओरिमोनो’, म्हणजे विणलेले कापड, हा शब्द लिहिल्यास दोन कांजींची जोडी सुचवली जाते. त्यातली पहिली ही.

अक्षर १८ रेघांचे आहे. डावीकडे ६ रेघांचा धागा असून कोशात ही कांजी त्याच घटकाखाली सापडते. उजवीकडे ‘ध्वनी’ आणि ‘भाला’ हे दोन घटक एकमेकांत गुंतलेले आहेत. सुटे लिहिले तर त्यांच्या ९ आणि ४ अशा १३ रेघा होतात. येथे मात्र ध्वनीची मधली लांब आडवी रेघच पुढे जाऊन भाल्याची आडवी रेघ होते, म्हणून १२ उरतात. नवशिक्यांची मोजणी बहुधा येथेच चुकते.

धागा आणि ध्वनी एकत्र पाहून सोलापूरकराला मागाचा खडखडाट आठवणारच. लक्षात ठेवण्यापुरती ही युक्ती चांगली आहे, परंतु ती व्युत्पत्ती मानू नये, कारण उजवा भाग येथे मुख्यतः उच्चार सुचवतो. धाग्याच्या जागी कान ठेवला की ‘व्यवसाय’ या अर्थाची कांजी होते आणि तिचा उच्चार ‘शोकु’. बोलण्याचा घटक ठेवला की ‘जाणणे’, उच्चार ‘शिकि’. विणण्याच्या कांजीला चिनी वळणाचे हे दोन्ही उच्चार आहेत. जपानी प्राथमिक शाळेत या तिन्ही कांजी पाचवीलाच असतात, आणि आपणही त्या एकत्रच शिकाव्यात.

उच्चार सुटे पाठ करण्यात अर्थ नाही; प्रत्येकासाठी एक शब्द धरावा. क्रियापद म्हणून ‘ओरु’. संघटना या अर्थी ‘सोशिकि’. आणि सूतकताई व विणकाम मिळून ‘बोऽशोकु’. या शेवटच्या शब्दातला पहिला ओकार दीर्घ आहे. नेहमीच्या मराठी लेखनात ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’ वेगळे दाखवता येत नाहीत, म्हणून वहीत उच्चार हिरागानातच लिहावेत. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्यांच्या कानाला हा भेद सवयीचा असतो, एवढा फायदा त्यांना नक्की मिळतो.

विशेषनामांतले उच्चार तूर्त बाजूला ठेवावेत. ओदा नोबुनागा या सेनानीच्या आडनावात हीच कांजी नुसती ‘ओ’ अशी वाचली जाते, आणि असे उच्चार त्या त्या नावाबरोबरच शिकावे लागतात.