स्पॅनिशमधला 'केदार' पाठ न करता कसा वापरायचा

स्पॅनिशमधे 'केदार' नावाचं क्रियापद आहे, उच्चार आपल्या केदारसारखाच, फक्त जोर 'दार'वर. डिक्शनरीत बघितलं तर उरणे, राहणे, असणे, शोभणे, भेटायचं ठरवणे अशी लाइनच लागते आणि आपण पाठ करायला बसतो. नका बसू, मी बसले होते, आठवड्यात सगळी खिचडी झाली.

सुरुवात 'उरणे'पासून करा. 'मे केदान दोस एउरोस' म्हणजे माझ्याकडे दोन युरो उरलेत ('मे' म्हणजे मला). इथे क्रियापद 'मी'प्रमाणे चालत नाही, युरोंप्रमाणे चालतं. एकच उरला तर 'मे केदा उन एउरो'. आपण एक पोळी उरली, चार पोळ्या उरल्या म्हणतोच की! त्यामुळे हे मराठीतून लगेच कळतं, पण डोक्यात आधी इंग्लिश वाक्य केलं की तोंडातून 'केदो दोस एउरोस' निघतं आणि ते साफ चूक.

कपड्यांचंही असंच. 'ते केदा बिएन ला कामिसा', शर्ट छान दिसतोय तुला. 'मे केदान ग्रांदेस लोस पान्तालोनेस', पँट मला ढगळ होते (पँट तिकडे बरेचदा अनेकवचनी). मग उरलंय की शोभतंय हे कसं ओळखायचं, तर सोबत बिएन (छान), माल (वाईट), ग्रांदे (मोठं) असले शब्द आले की कपडे, आकडा आला की शिल्लक. बहुतेक वेळा भागतं.

आता खरी गंमत स्पेनमधे. कोणी 'केदामोस आ लास ओचो?' विचारलं तर 'आठला भेटायचं का?' असा अर्थ, आपण 'आम्ही उरलो' म्हणून विचार करत बसतो तोवर समोरचा वाट बघतोय. 'ए केदादो कोन आना' म्हणजे आनाला भेटायचं ठरलंय. इथे 'मे' घुसवू नका हां, 'मे केदो कोन आना' म्हटलं तर आनाकडेच मुक्काम ठोकल्यासारखं होतं! दुकानात मात्र 'मे केदो कोन एस्ता' एकदम बरोबर, हीच घेते.

म्हणजे 'मे केदो' आलं की थांबणं किंवा ठेवून घेणं. 'मे केदो एन कासा', घरीच थांबते. 'मे केदे दोर्मिदा' म्हणजे डोळा लागला माझा, पुरुष असाल तर दोर्मिदो म्हणा.

पत्ता विचारायला 'दोन्दे केदा ला फार्मासिया?' चालतं, लॅटिन अमेरिकेत तर खूपच ऐकू येतं. पण जागेवरून न हलणाऱ्या गोष्टींसाठीच, माणूस कुठंय विचारायला 'एस्तार' (असणे) हे क्रियापदच.

प्रॅक्टिस घरातच करा, फ्रिज उघडून. 'केदा लेचे?' दूध आहे का शिल्लक? आमच्याकडे उत्तर ठरलेलं असतं, 'नो केदा नादा', काहीच उरलं नाही.