ईमॅक्समध्ये फाइलपुरत्या आणि फोल्डरपुरत्या सेटिंग्ज

एका प्रोजेक्टात इंडेंटला चार स्पेस, दुसऱ्यात टॅब, तिसऱ्यात ओळ ७२ अक्षरांच्या पुढे जाऊ द्यायची नाही. हे सगळं ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या आपल्या इनिट फाइलमध्ये (सुरू होताना तो वाचतो ती वैयक्तिक सेटिंग फाइल) अटी घालून सांभाळायला गेलं की ती फाइल फुगत जाते आणि सहकाऱ्याच्या मशीनवर त्यातलं काहीच पोचत नाही. म्हणून नियम ज्याचा असेल त्याच्याजवळ ठेवावा. एकाच फाइलचा असेल तर त्या फाइलमध्ये, अख्ख्या प्रोजेक्टचा असेल तर प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये, आणि फक्त आपल्या आवडीचा असेल तरच इनिट फाइलमध्ये.

खाली आदेश, व्हेरिएबलची नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. फाइलमध्ये टाइप करताना ते रोमन लिपीत, मधल्या आडव्या रेघेसकट लिहायचे. देवनागरी आकडा ईमॅक्स आकडा म्हणून वाचत नाही.

फाइलपुरती सेटिंग

सर्वांत सोपी जागा म्हणजे पहिली ओळ. तिथे कॉमेंटमध्ये असं लिहायचं:

# -*- मोड: पायथन; फिल-कॉलम: ७२; इंडेंट-टॅब्ज-मोड: निल -*-

मोड म्हणजे त्या प्रकारच्या फाइलसाठी ईमॅक्सची वागण्याची पद्धत, फिल-कॉलम म्हणजे ओळ मोडण्याची मर्यादा. मूल्य निल म्हणजे बंद, टी म्हणजे चालू. स्क्रिप्टची पहिली ओळ # आणि ! या चिन्हांनी सुरू होत असेल, तर हीच ओळ दुसऱ्या क्रमांकावर चालते. तिसऱ्या ओळीवर मात्र ईमॅक्स तिच्याकडे बघतही नाही. वर परवान्याची लांबलचक कॉमेंट नंतर कुणीतरी घातली आणि ही ओळ खाली सरकली, की सेटिंग गुपचूप बंद पडते. एररही येत नाही.

व्हेरिएबलं जास्त असतील तर फाइलच्या शेवटी यादी द्यावी:

# लोकल व्हेरिएबल्स:
# फिल-कॉलम: ७२
# कंपाइल-कमांड: "मेक टेस्ट"
# एंड:

ही यादी फाइलच्या शेवटच्या ३००० अक्षरांत सुरू व्हायला हवी, आणि फाइलमध्ये पानतोडीचं चिन्ह असेल तर शेवटच्या पानतोडीनंतर. यादीच्या पहिल्या ओळीत मजकुराच्या आधी जे काही असेल (इथे # आणि एक स्पेस) ते पुढच्या प्रत्येक ओळीत तसंच्या तसं लागतं. सी भाषेत ओळीच्या शेवटी कॉमेंट बंद करणारं चिन्ह असेल तर तेही प्रत्येक ओळीत, एंडच्या ओळीतसुद्धा. हाताने लिहिताना नेमकी इथेच चूक होते. त्यापेक्षा मेटा-एक्स (बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट आणि एक्स) दाबून ॲड-फाइल-लोकल-व्हेरिएबल हा आदेश द्यावा. नाव आणि मूल्य विचारून तो यादी स्वतः तयार करतो. पहिल्या ओळीसाठी याच नावापुढे -प्रॉप-लाइन जोडलेला आदेश आहे.

लेक्सिकल-बाइंडिंग हे (ईमॅक्सच्या लिस्प भाषेतल्या फाइलींसाठीचं) व्हेरिएबल फक्त पहिल्या ओळीतच चालतं. ते शेवटच्या यादीत घालून काही उपयोग नाही.

कधी उलटंही होतं: याच विषयावरच्या दस्तऐवजात नमुना म्हणून दिलेली यादी ईमॅक्स खरी समजून बसतं. तेव्हा नमुन्याच्या खाली कंट्रोल-क्यू आणि मग कंट्रोल-एल दाबून पानतोड घालावी.

प्रोजेक्टपुरती सेटिंग

प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये .डिर-लोकल्स.ईएल नावाची फाइल करायची. तिच्यात मोडनुसार याद्या असतात, आणि निल या नावाखाली दिलेलं सगळ्या मोडना लागू होतं:

((निल . ((इंडेंट-टॅब्ज-मोड . निल)
         (फिल-कॉलम . ८०)))
 (मेकफाइल-मोड . ((इंडेंट-टॅब्ज-मोड . टी))))

यातली शेवटची ओळ शोभेची नाही. टॅब सरसकट बंद केले की तो नियम मेकफाइललाही (मेक या प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाच्या नियमांची फाइल) लागतो. मेकफाइल-मोड स्वतः टॅब चालू करतो खरा, पण फोल्डरची सेटिंग त्याच्यानंतर येते आणि त्याच्यावर मात करते. मग आदेशाच्या ओळीत टॅबऐवजी स्पेस शिरतात आणि मेक ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून थांबतं. असे अपवाद त्याच फाइलमध्ये नोंदवावेत. निलची नोंद आधी, खास मोडची नंतर.

या फाइलमधला मजकूर म्हणजे निव्वळ डेटा. तो प्रोग्रॅमसारखा चालवला जात नाही, त्यामुळे मूल्यापुढे कोट चिन्ह लावायचं नाही. इनिट फाइलच्या सवयीने ते लागलंच, तर व्हेरिएबलमध्ये हवं ते नाव जाण्याऐवजी कोट या शब्दासकट एक यादी जाऊन बसते, आणि तिसऱ्याच ठिकाणी विचित्र एरर येते. फाइलमधल्या यादीलाही हाच नियम आहे. मधल्या टिंबाच्या दोन्ही बाजूंना स्पेस विसरू नका. मूल्य खरोखरच मोजून काढायचं असेल तर इव्हॅल हे खास नाव वापरता येतं, पण मग फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला परवानगीचा प्रश्न येतो. साध्या मूल्यावर भागत असेल तर इव्हॅल नकोच.

ईमॅक्स फाइलच्या फोल्डरपासून वर वर शोधत जातं आणि पहिली .डिर-लोकल्स.ईएल सापडली की थांबतं. वरच्या फोल्डरमधली तशीच फाइल तिच्यात मिसळली जात नाही. उपफोल्डरमध्ये एका ओळीची नवी फाइल टाकली की मुख्य फोल्डरचे सगळे नियम तिथे बंद, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. उपफोल्डरसाठी वेगळं हवं असेल तर मुख्य फाइलमध्येच मोडच्या जागी उपफोल्डरचं नाव अवतरण चिन्हांत देता येतं.

आपल्या एकट्याच्या सेटिंगसाठी .डिर-लोकल्स-२.ईएल आहे. ती पहिलीच्या जोडीने वाचली जाते आणि दोघींत मतभेद झाला तर हिचं चालतं. तिला गिटमधून वगळा. फाइलमध्ये लिहिलेली सेटिंग मात्र या दोन्हींच्या वर असते.

ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. ईमॅक्स २९ मध्ये पायथन-टीएस-मोड हा पायथन-मोडपासून निघालेला नाही, म्हणून पायथन-मोडच्या नावाने लिहिलेली नोंद त्याला लागत नाही. दोघांचा सामाईक पायथन-बेस-मोड तिथे लिहावा. ईमॅक्स ३० मध्ये ही अडचण दूर झाली आहे.

परवानगीचा प्रश्न

दुसऱ्याच्या फाइलमधली सेटिंग आपल्या मशीनवर काहीही करू शकते, म्हणून ओळखीच्या सुरक्षित मूल्यांखेरीज काही आढळलं की ईमॅक्स थांबून विचारतं. वाय म्हणजे एवढ्या वेळेपुरतं चालेल. उद्गारचिन्ह म्हणजे हीच मूल्यं कायमची सुरक्षित धरा. एन म्हटलं तर ती अख्खी यादीच बाजूला पडते, त्यातली निरुपद्रवी फिल-कॉलमसुद्धा. ‘सेटिंग लागतच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा घाईत दाबलेलं एन असतं.

रोजचा कटकटीचा प्रश्न टाळायला एनेबल-लोकल-व्हेरिएबल्सचं मूल्य :ऑल करू नका. त्याने अनोळखी फाइलमधला इव्हॅलही न विचारता चालेल. आपल्या प्रोजेक्टचं विशिष्ट व्हेरिएबल असेल तर इनिट फाइलमध्ये एवढी एक ओळ पुरते:

(पुट 'माय-प्रोजेक्ट-नेम 'सेफ-लोकल-व्हेरिएबल #'स्ट्रिंगपी)

म्हणजे मूल्य स्ट्रिंग असेल तर विचारायचं नाही, दुसरं काही असेल तर विचारायचं. स्वतःच्या व्हेरिएबलचं नाव -हुक, -फंक्शन किंवा -कमांड असं संपवू नका. अशी नावं ईमॅक्स धोकादायक धरतं आणि उद्गारचिन्ह दाबूनही त्यांची कायमची नोंद होत नाही.

लागलं की नाही

यादी बदलल्यावर आधीच उघडलेल्या बफरमध्ये (ईमॅक्समध्ये उघडलेल्या फाइलच्या प्रतीत) काही होत नाही. मेटा-एक्स नॉर्मल-मोड चालवा, नाहीतर फाइल बंद करून पुन्हा उघडा. मग कंट्रोल-एच व्ही दाबून व्हेरिएबलचं नाव द्या. मूल्य फाइलमधून आलं की फोल्डरमधून, आणि फोल्डरमधून असेल तर कुठल्या फाइलमधून, हे तिथे लिहिलेलं दिसतं. अंदाज बांधत बसण्याआधी हे बघा.

मूल्य बरोबर दिसतं, पण आपल्या पायथन-मोड-हुकमधल्या कोडला ते मिळत नाही? मोडचा हुक, म्हणजे मोड सुरू होताना चालणारा आपला कोड, या सेटिंग्जच्या आधी चालतो. तो कोड हॅक-लोकल-व्हेरिएबल्स-हुकमध्ये हलवा. आणि ट्रॅम्पने दूरच्या सर्व्हरवरची फाइल उघडली असेल तर फोल्डरची सेटिंग मुळात शोधलीच जात नाही. त्यासाठी एनेबल-रिमोट-डिर-लोकल्स टी करावं लागतं, आणि दर फाइलमागे नेटवर्कवरून होणारा शोध सोसावा लागतो.