चिंतेची गोळी सुरू झाली, आता माणसांत मिसळायचं कसं?

सोशल अँग्झायटीवरची, म्हणजे माणसांत वावरायच्या तीव्र भीतीवरची गोळी भीती उतरवते, गप्पा मारून देत नाही. मुळात एकटं राहणं आवडणारा माणूस बहुधा तसाच राहतो, आणि त्यात बिघडलेलं काही नसतं. खरा फायदा होतो बोलायचं असूनही ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, त्याला. तरी स्वभावाला औषधाचा हातच लागत नाही, असंही नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅरॉक्सेटिन हे याच प्रकारचं औषध घेणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांचा बहिर्मुखपणा, नैराश्य जेवढं उतरलं त्या मानाने जास्तच वाढला होता.

पहिली गोळी घेण्याआधी, टाळता त्या पाच-सहा गोष्टी लिहा: अनोळखी नंबरचा फोन घेणं, मीटिंगमध्ये प्रश्न विचारणं, लग्नात एकट्याने जाणं. प्रत्येकीपुढे भीतीचा आकडा, 0 ते 100. भीती ओसरली की आधी ती किती होती हे आठवत नाही, मग औषधाचा उपयोग झाला का हेही कळत नाही.

सर्ट्रालिन हे या भीतीवरचं नेहमीचं औषध सहसा 25 मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने 50 करतात; पुढचं डॉक्टर ठरवतात. पहिले दोन आठवडे मळमळ, जुलाब, उडालेली झोप, कधी वाढलेली बेचैनी. बरेच जण इथेच गोळी सोडतात. परिणाम दिसायला 4 ते 6 आठवडे, पुरता दिसायला 12 लागू शकतात. दुसऱ्याच आठवड्यात चुलतभावाच्या हळदीला जाऊन परीक्षा घेऊ नका.

एक धोका घरच्यांनाही सांगून ठेवा. झोप जेमतेम तीन तास, तरी थकवा नाही, तोंड बंद होत नाही, पैसे उधळणं चालू: ही सुधारणा नव्हे, उन्माद असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले तरीही तसंच. पंचविशीच्या आतल्यांनी सुरुवातीला विशेष जपावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416.

भीती थोडी सैल झाली की यादीतली भीतीचा आकडा 30 च्या आसपास असलेली गोष्ट घ्या. समजा, दुकानात वस्तू परत करणं. जाण्याआधी काय होईल अशी भीती वाटते ते एका ओळीत लिहा: ‘दुकानदार सगळ्यांसमोर ओरडेल.’ काय बोलायचं ते पाठ करू नका, मोबाइल खिशात ठेवा, बहिणीला सोबत नेऊ नका. या कुबड्या राहिल्या तर मन श्रेय त्यांनाच देतं. बोलताना आपला आवाज कापतोय का हे तपासत बसू नका, समोरचा काय म्हणतो ते ऐका. परत आल्यावर प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. अशा प्रकारचं काम आठवड्यात तीन-चारदा, मग पुढची पायरी.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम तासाभरात शांत करतात, पण तीही कुबडीच. शिवाय सवय लागते, आणि दारूबरोबर श्वास मंदावू शकतो. भाषणाआधी साधारण तासभर 10 ते 40 मिलिग्रॅम प्रोप्रॅनोलॉल देतात. त्याने थरथर आणि धडधड थांबते, मनातली भीती नाही. दमा असेल तर ते घेऊ नये.

सगळीकडे जाता येतं, पण हसू येत नाही, रडूही नाही, असं झालं तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करून किंवा औषध बदलून बघता येतं.

बरं वाटू लागल्यावरही सहसा 6 ते 12 महिने गोळी चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. डोस घटवल्यावर दोन-चार दिवसांतच चक्कर, डोक्यात झटके, चिडचिड आली, तर बहुधा तो गोळी सुटल्याचा त्रास. काही आठवड्यांनी पुन्हा फोन टाळू लागलात, तर मूळची भीती परततेय.