युरोपात नातेवाइकांकडे उतरून दोघांनी जुनी शहरं कशी पाहावीत

मुलगा, बहीण किंवा मावसभाऊ युरोपात राहत असला की सहलीचा निम्मा प्रश्न सुटला असं वाटतं. खरं तर तिथे दोन सहली एकमेकींत अडकतात, एक भेटीगाठींची आणि एक भटकंतीची. दोन्ही रोज एकाच दिवसात कोंबल्या की यजमानही थकतात आणि पाहुणेही. म्हणून नातेवाइकांचं घर हा तळ समजा, त्यांना ड्रायव्हर किंवा गाइड करू नका आणि एखाद-दोन रात्री त्या घराबाहेर, एखाद्या जुन्या गावातच काढा. इथे उदाहरणाला जर्मनीतलं न्यूर्नबर्ग घेतलं आहे. तिथून तासा-दीड तासात तीन उत्तम जुनी शहरं गाठता येतात. नातेवाईक बेल्जियममधल्या गेंटला किंवा प्रागला असले तरी क्रम हाच.

१. आधी यजमानांच्या तारखा, मग तिकीट

स्वस्त तिकीट दिसलं म्हणून काढून टाकायचं आणि मग फोन करून कळवायचं, असं करू नका. दोन-तीन पर्याय सुचवा आणि निवड त्यांच्यावर सोडा. घरात शाळकरी मुलं असतील तर सुट्ट्या आधी विचारा. न्यूर्नबर्ग ज्या राज्यात येतं त्या बव्हेरियात उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते, आणि तेव्हा ते स्वतःच कुठे तरी जाणार असतील. भटकंतीला मे, जून आणि सप्टेंबर सगळ्यात चांगले. जूनमध्ये रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे संध्याकाळचे चार तास फुकटात मिळतात. डिसेंबरात नाताळचे बाजार सुंदर असतात, पण साडेचारला अंधार पडतो.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा. या क्षेत्रात आता २९ देश आहेत. स्वित्झर्लंड त्यात येतं, इंग्लंड आणि आयर्लंड येत नाहीत. मध्येच लंडनला जाऊन परत यायचं असेल तर ‘मल्टिपल एंट्री’ मागा आणि ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढा.

जास्त दिवस ज्या देशात राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम जर्मनीत आणि प्राग दोन दिवसांचं, तर अर्ज जर्मनीकडे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो गेलेला असावा लागतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, कधी ४५ सुद्धा. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणंच कठीण होतं, त्यामुळे तीन महिने आधी हालचाल सुरू केलेली बरी. प्रौढांना शुल्क ९० युरो, अर्जकेंद्राचा सेवा आकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात दोन कोरी पानं असावीत.

यजमानांचं निमंत्रणपत्र आणि त्यांच्या निवास परवान्याची प्रत मागून घ्या. खर्च तेच करणार असतील तर जर्मनीत त्यांना स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र काढावं लागतं. खर्च तुमचा तुम्ही करणार असाल तर बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि नोकरी असल्यास रजेचं पत्र पुरतं. मला हा दुसरा मार्ग बरा वाटतो. हमीपत्र म्हणजे यजमानांवर कायदेशीर जबाबदारी टाकणं असतं, आणि गरज नसताना ती का टाकायची?

ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी पद्धत आली आहे. पहिल्या खेपेला रांग लांबते, म्हणून पुढचं कनेक्शन अगदी घट्ट ठेवू नका.

३. बॅगेत काय नको

इथे बहुतेकांचं मन मोडतं. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे घरचं तूप, खवा, पनीर बाद. ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, आंबा त्यात नाही. भाचीसाठी आणलेली हापूसची पेटी कस्टमच्या टेबलावर राहिली तर तिथे वाद घालून उपयोग नसतो. ताजा कढीपत्ताही तसाच, नेऊ नये. गोडा मसाला, मेतकूट, चकल्या, लोणचं यांना सहसा कोणी अडवत नाही, फक्त डबे गळणार नाहीत असे बांधा. रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. दोघांच्या चार मोठ्या बॅगा नकोतच. जुन्या शहरांचे रस्ते दगडी फरसबंदीचे असतात, तिथे चाकांची बॅग खडखडत ओढताना खांदा निखळतो.

४. घरात पाहुण्यासारखं नको, घरातल्यासारखं राहा

पोहोचल्यावर पहिल्या दिवशी चार गोष्टी विचारून घ्या: किल्ली कोणती, कचऱ्याचा कुठला डबा कशाचा, अंघोळीची वेळ कोणाची कधी, फोडणी देताना चिमणी कशी लावायची. घरात धूरसूचक भोंगा असतो आणि तो मोहरी तडतडायची वाट पाहत असतो. रात्री दहानंतर आणि रविवारी शांतता पाळायची असते, त्यामुळे रविवारी ड्रिल, व्हॅक्युम किंवा काचेच्या बाटल्या सार्वजनिक डब्यात टाकणं हे शेजाऱ्यांशी भांडणाचं हमखास निमित्त. दुकानंही रविवारी बंद असतात, आणि बव्हेरियात इतर दिवशी रात्री आठला बंद होतात. दूध-भाजी शनिवारीच आणा, पैसे तुम्ही द्या. प्लॅस्टिकची रिकामी बाटली फेकू नका, सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की २५ सेंट परत मिळतात.

आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवा. बाकी दिवशी ते कामावर गेले की तुम्हीही बाहेर पडा.

५. दिवसाच्या फेऱ्या

न्यूर्नबर्गहून बामबर्ग आणि रेगेन्सबुर्ग या प्रत्येकी एका दिवसाच्या दोन फेऱ्या होतात. बव्हेरियाभर चालणारं ‘बायर्न टिकेट’ घ्या. त्यावर दोघांपासून पाचांपर्यंत कितीही जण चढवता येतात, फक्त माणसागणिक थोडे पैसे वाढतात. म्हणजे शनिवारी यजमानही आले तर स्वस्तात पडतं. कामाच्या दिवशी ते सकाळी नऊपासून चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही, हे लक्षात ठेवा. तिकिटावर नावं लिहायची असतात, नुसतं खिशात ठेवून भागत नाही.

बामबर्ग १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. स्टेशनपासून चालत गेलात की रेग्निट्स नदी लागते, आणि तिच्या मधोमध जुनं नगरभवन. बिशपने जमीन दिली नाही म्हणून नागरिकांनी ते नदीतच बांधलं, अशी दंतकथा आहे. पुलावरून थेट पुढे जाऊ नका, भिंतीवरची चित्रं नीट पाहा. रंगवलेल्या एका बालदेवदूताचा पाय चक्क भिंतीतून बाहेर आलेला आहे, दगडाचा. मग चढ चढून कॅथेड्रल. सम्राट हाइनरिष दुसरा आणि त्याची पत्नी कुनिगुंडे यांची समाधी शिल्पकार टिलमन रीमेनश्नायडरने १४९९ ते १५१३ या काळात घडवली. हे नाव ध्यानात असू द्या, पुढे पुन्हा येईल. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत. दुपारी गेलेलं बरं.

रेगेन्सबुर्ग दुसऱ्या महायुद्धात बरंचसं वाचलं, त्यामुळे तिथलं जुनं खरोखर जुनं आहे. न्यूर्नबर्गचा जुना भाग २ जानेवारी १९४५ च्या बाँबफेकीत जवळजवळ संपला आणि पुन्हा उभारला गेला. हा फरक माहीत असला की दोन्ही ठिकाणी वेगळं काही दिसतं. डॅन्यूबवरचा बाराव्या शतकातला दगडी पूल आधी बघा, मग पोर्टा प्रेटोरिया शोधा. इ.स. १७९ मधल्या रोमन छावणीचा हा दरवाजा नंतरच्या इमारतीच्या भिंतीत मुरून गेला आहे, आणि बरेच लोक त्याच्यासमोरून तसेच पुढे जातात. १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची सभा जिथे भरत होती ते नगरभवनाचं दालन फक्त मार्गदर्शित फेरीतच पाहता येतं. पोहोचल्याबरोबर तिथल्या पर्यटन केंद्रात वेळ विचारा.

६. एक रात्र रोथेनबुर्गला

रोथेनबुर्ग ओब डेर टाउबर एका दिवसात उरकणं सोपं आहे, आणि तेच चुकीचं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच बसगाड्या भरभरून माणसं येतात, बाजारचौकात उभं राहायला जागा नसते. पाचनंतर गाव रिकामं होतं. आन्सबाख आणि श्टायनाख इथे गाडी बदलून दुपारी पोहोचा, तटाच्या आतल्या छोट्या हॉटेलात सामान टाका आणि गर्दी ओसरेपर्यंत सेंट याकोब चर्चमध्ये जा. तिथे रीमेनश्नायडरचीच लाकडी वेदी आहे. अखेरच्या भोजनाच्या प्रसंगात त्याने येशूला नव्हे, त्याला दगा देणाऱ्या ज्युडासला मध्यभागी आणलं आहे.

संध्याकाळी तटावर चढा. छपराखालचा अरुंद रस्ता आहे, तिकीट नाही. ३१ मार्च १९४५ च्या हल्ल्यात गावाचा आणि तटाचा मोठा भाग पडला होता. दुरुस्तीला जगभरातून पैसे आले. भिंतीतल्या दगडांवर देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, काहींत जपानी नावंही. वाचत वाचत चाला, पण डोकं सांभाळा, छप्पर ठिकठिकाणी खाली येतं. रात्री आठला बाजारचौकातून कंदील घेतलेल्या रात्रपहारेकऱ्याची इंग्रजी फेरी निघते. हिवाळ्यातले काही महिने ती बंद असते. पैसे शेवटी रोख द्यायचे. दुसऱ्या दिवशी आठ वाजता, बस यायच्या आत, प्लोनलाइनच्या तिठ्यावर फोटो काढून घ्या.

७. दोघांची आवड वेगळी असेल तर

एकाला संग्रहालयं, दुसऱ्याला नुसतं फिरणं, हे बहुतेक जोडप्यांत असतं. दोन तास वेगळं व्हा आणि भेटायची जागा नक्की ठरवा: कारंजं किंवा चर्चचा दरवाजा. फोनची रेंज गेली तरी ती जागा हलत नाही. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद असतात. शाकाहारी असाल तर सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का, हे विचारल्याशिवाय मागवू नका. केझश्पेट्झले, म्हणजे चीजमधले जाड नूडल्स, बहुतेक ठिकाणी मिळतात, पण वर कांद्याबरोबर कुठे कुठे बेकनही येतं, तेही विचारा. खिशात ५० सेंट आणि एक युरोची नाणी ठेवा, स्वच्छतागृहाला लागतात. मदतीसाठी फोन ११२.

खरेदी केली असेल तर एका दुकानात ५० युरोंहून जास्त झाल्यास करपरतीचा फॉर्म मागा. युरोपीय संघ सोडण्याच्या शेवटच्या विमानतळावर तो कस्टमकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि वस्तू दाखवाव्या लागतात, म्हणून ती बॅग चेक-इन करण्याआधीच तिकडे जा.