डॉग-रिंग गिअरबॉक्समध्ये गिअर टाकताना कचरू नका

रॅली किंवा सर्किटच्या गाडीत डॉग-रिंग गिअरबॉक्स पहिल्यांदा हाती आला, की रोजच्या सवयीने आपण गिअर हळुवार टाकतो. तेच त्याला मारक ठरतं. यात गिअर अडकण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवून देणारा सिंक्रोनायझर नसतो. मोजके, जाड दात थेट एकमेकांत अडकतात. लिव्हर सावकाश सरकवला तर ते टोकांवरच घासत राहतात, कडा गोल होतात आणि पुढे भर वेगात गिअर निसटू लागतो.

वरचा गिअर टाकताना क्लच न दाबता लिव्हरवर आधी हलका दाब द्या. मग ॲक्सिलरेटर क्षणभर सोडा. दातांवरचा ताण सुटताच लिव्हर एका झटक्यात शेवटपर्यंत न्या, आणि गिअर पूर्ण बसल्यावरच पुन्हा ॲक्सिलरेटर दाबा. इग्निशन कट, म्हणजे गिअर टाकताना इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडणारी सोय, बसवलेला असेल तर पाय उचलावा लागत नाही. मात्र कट गरजेपेक्षा छोटा ठेवला, तर गिअर अर्धवट असतानाच ताकद परत येते आणि दात मार खातात.

खालचा गिअर जास्त अवघड. ब्रेक लावलेला असतानाच ॲक्सिलरेटरला छोटा झटका द्या, म्हणजे ताण सुटतो आणि इंजिनाचा वेग जुळतो. लांबच्या शर्यतीत मी तरी खाली येताना क्लच वापराच म्हणेन; गिअरबॉक्स शेवटपर्यंत टिकायला हवा. गाडी हलवताना आणि थांबवताना तर क्लच लागतोच.

ऑइल बदलताना ड्रेन प्लगचं चुंबक बघा. बारीक राखाडी लेप चालतो. टोकदार तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडा. आणि हा प्रयोग रस्त्यावरच्या साध्या गाडीत करू नका, तिच्या सिंक्रो रिंगा झिजतील.